वाचकांचे प्रश्न : पुण्याचा पगार आणि नागपूरचं घर

प्रश्न : नागपूरच्या मनीषनगरात आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. माझ्या हाती महिन्याला ४२,००० रुपये येतात, पत्नी घरी शिकवण्या घेऊन ९,००० मिळवते. पुण्यातून २५ टक्के वाढीची नोकरी चालून आली आहे. तिथे घरभाडं १८,००० सांगतात. जावं का?

उत्तर : ही वाढ कशावर, ते आधी विचारा. वार्षिक पॅकेजवर असेल तर त्यात भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. तो पैसा महिन्याच्या खर्चाला मिळत नाही. हाती येणाऱ्या पगारावरच वाढ आहे असं धरलं, तर ५२,५०० होतात.

पण तुलना घराच्या एकूण उत्पन्नाची करा. नागपुरात दोघांचे मिळून ५१,००० आणि भाडं शून्य. पुण्यात शिकवण्यांचा जम बसेपर्यंत ती कमाई धरू नका. भाडं गेल्यावर उरतात ३४,५००. इथला फ्लॅट ९,०००ने भाड्याने दिलात तरी वर्षाचं दहाच महिन्यांचं भाडं धरा. उरलेलं रिकामा काळ, मालमत्ता कर आणि डागडुजीत जातं. म्हणजे महिना ७,५००. तरीही आजच्यापेक्षा ९,००० कमीच. नुसती बरोबरी साधायला हाती ६१,५०० हवेत. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी पडली आणि ११ महिन्यांचा करार संपताच घर बदलावं लागलं, तर महिन्याला आणखी सुमारे १,६४० धरा. तेव्हा ६३,०००च्या खाली बोलणी करू नका.

विजेच्या हिशेबात हमखास चूक होते, कारण लोक नागपूरचं मे महिन्याचं बिल पुढे ठेवतात. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर दिवसाला २ युनिट. दोन कूलरचे तीन महिन्यांत ३६० युनिट, म्हणजे वर्षभराच्या सरासरीने महिन्याला ३०च. बारा बिलांची बेरीज करून बाराने भागा. जाण्यायेण्याचंही मोजा : रोज ४० किलोमीटर, २५ दिवस, गाडी लिटरला ४५ देत असेल तर २२ लिटर पेट्रोल. किराणा, दूध, कामवाल्या बाई, शाळेची बस यांचे दर जिथे राहणार त्याच वस्तीत विचारा, शहराच्या सरासरीवर जाऊ नका.

प्रश्न : औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात नागपूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला, तर नागपूर महाग समजायचं का?

उत्तर : नाही. या निर्देशांकात २०१६ साली प्रत्येक केंद्राचा आकडा १०० धरला आहे. समजा, नागपुरात ५० रुपयांची थाळी ७५ची झाली : निर्देशांक १५०. मुंबईत १००ची १४०ला गेली : निर्देशांक १४०. मुंबईची थाळी तरीही जवळजवळ दुप्पट महाग. हा आकडा त्याच शहरात भाव किती चढले एवढंच सांगतो. दोन शहरांची तुलना त्यावरून करता येत नाही.

शहराशहरांतल्या खर्चाचा फरक मुख्यतः घरभाड्यात असतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं पाहा : महागाई भत्त्याचा दर देशभर एकच, पण १ जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता पुण्या-मुंबईला मूळ पगाराच्या ३० टक्के आणि नागपूरला २० टक्के.