नळी आखूड असलेली रायफल नेमबाजीत कमी पडते का? आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये यावरून वाद चालू आहे.

नेम आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादात त्यांचीच गल्लत होते. आखूड नळी उलट जास्त ताठ असते, त्यामुळे नेम बिघडतोच असं नाही. घटतो तो वेग. गोळी नळीत असेपर्यंतच वायूचा पूर्ण जोर तिच्या मागे असतो. अमेरिकी एम-१६ रायफलची नळी ५०८ मिमी, तिच्याच आखूड भावंडाची, एम-४ ची, ३६८ मिमी. काडतूस तेच, पण एम-४ ची गोळी हळू सुटते. या रायफलींची ५.५६ मिमी व्यासाची हलकी गोळी वेगावरच जगते, म्हणून लांब पल्ल्यावर हा फरक जाणवतो. शिवाय आखूड नळीच्या तोंडाशी भडका आणि आवाज वाढतो, बंद खोलीत तर फारच.

पण जवान चिलखती गाडीतून उतरतो, जिना चढतो. तिथे लांब रायफल अडते. आपल्याच पाषाणच्या एआरडीईने (डीआरडीओची शस्त्र संशोधन संस्था) घडवलेल्या इन्सास या भारतीय रायफलची नळी ४६४ मिमी आहे, म्हणजे मधला मार्ग. मला तो तेव्हाच्या गरजेला योग्य वाटतो.

बुलपप, म्हणजे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) चापाच्या मागे असलेली रायफल, पसंत करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. स्टायर ऑग या ऑस्ट्रियन बुलपपमध्ये याच रचनेमुळे ५०८ मिमीची नळी असूनही अख्खी रायफल साधारण ७९० मिमीत बसते. मात्र रिकामं काडतूस गालाजवळूनच बाहेर पडतं. डावखुऱ्यासाठी बोल्ट आणि काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीचं झाकण बदलावं लागतं, आणि पडून नेम धरताना मॅगझिन बदलणं अवघड जातं. डोंगरात लांब पल्ल्यासाठी मी लांब नळीच घेईन, शहरी कारवाईसाठी आखूड.