पोट भरलेलं, तरी अंडं नाही: कणी-कोंड्यावरच्या कोंबड्यांसाठी उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळच्या गावात ८ गावठी आणि ४ गिरिराज (सुधारित जातीच्या) कोंबड्या. सकाळी कणी (तुटका तांदूळ), दुपारी उरलेला भात, संध्याकाळी गिरणीतला कोंडा. आषाढापर्यंत रोज ६-७ अंडी मिळत होती, आता २-३ वर आली आहेत आणि त्यातलं एखादं बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्यातलं. "पोटभर खातात, मग अंडी का नाहीत?"

आधी खाद्याशी संबंध नसलेली कारणं बाजूला काढा. कोणी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली आहे का? पिसं गळताहेत का? पिसं झडण्याच्या काळात अंडी बंदच होतात आणि कोणतंही खाद्य ती लगेच सुरू करत नाही. मोकळ्या कोंबड्या माडाच्या बुंध्याशी, गवताच्या गंजीत, लाकडांच्या रासेमागे अंडी लपवतात, तेव्हा दोन दिवस सकाळी दहापर्यंत कोंडून ठेवा आणि मगच मोजा. शेवटचं जंताचं औषध कधी दिलं तेही आठवा; पावसाळ्यात जंत हमखास वाढतात.

पण बिनकवचाचं अंडं पडतंय, म्हणजे खाद्यात कमतरता असण्याची शक्यता मोठी आहे. साधा हिशेब करू. कोंबडीने दिवसाला ८० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर तिला साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ४५ ग्रॅमच्या गावठी अंड्यातच ५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं जातात. उरलेल्या अर्ध्या-पाऊण ग्रॅमवर तिने अंग, पिसं, सगळं चालवायचं कसं? कॅल्शियमचा हिशेब तर याहून वाईट. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ८० ग्रॅम तांदळातून मिळतं जेमतेम ८-१० मिलिग्रॅम. बाकीचं ती स्वतःच्या हाडांतून काढते. हाडातला साठा उतरला की कवच पातळ होतं, मग पापुद्रा, मग अंडंच थांबतं. पिष्टाची चरबी मात्र पोटाखाली साठत जाते, म्हणून कोंबडी हाताला जड आणि चांगली पोसलेली वाटते.

उन्हाळ्यात हेच खाद्य चाललं, कारण दिवसभर फिरून कोंबड्या वाळवी, किडे, कोवळा पाला खात होत्या. झडीच्या दिवसांत त्या खुराड्यात अडकतात आणि सगळा भार कणीवर येतो. शिवाय आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि चुन्याला गरीब, त्यामुळे उकरून खाल्लेल्या मातीतूनही कॅल्शियम फारसं मिळत नाही. समुद्र मात्र दाराशी आहे.

तेव्हा सुरुवात शिंपल्यांपासून करा. कालवं, तिसऱ्या, मुळे खाऊन झाल्यावर जी कवचं फेकता ती स्वच्छ धुवा, उकळा, कडक वाळवा आणि कुटा. पीठ करू नका. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. कवच मुख्यतः रात्री तयार होतं. जाड तुकडा पोटातल्या पेषणीत थांबून रात्रभर हळूहळू विरघळतो, पीठ लवकर निघून जातं. हे तुकडे वेगळ्या करवंटीत, संध्याकाळी, हवे तेवढे खाऊ द्या. अंडी देणारी कोंबडी स्वतःच जास्त खाते, कोंबडा फारसा तोंड लावत नाही. पान-तंबाखूचा चुना देऊ नका, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो. अंड्याची टरफलं चालतात, पण भाजून बारीक करून. अख्खी टाकलीत तर अंडी फोडून खायची सवय लागते.

आता प्रथिनं. बाजारातला लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) परवडत असेल तर तो सर्वांत सोपा: १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम त्यात आधीच असतं. मात्र त्यात निम्मी कणी मिसळून "पुरवठ्याला आणलं" की प्रथिनं १२ टक्क्यांवर येतात आणि पैसे वाया जातात. कणी द्यायचीच तर संध्याकाळी मूठभर, कोंबड्या खुराड्यात बोलावण्यापुरती.

घरी करायचं असेल तर १० किलोचं मिश्रण असं: मक्याचा भरडा ४.५ किलो, कणी १.३ किलो, बारीक कोंडा १ किलो, सोयाबीन पेंड १.८ किलो, सुकी मासळी ४०० ग्रॅम, शिंपल्याची कूट ८०० ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १५० ग्रॅम, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण ५० ग्रॅम. प्रथिनं साधारण १६ टक्के, कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या वर. आधी डीसीपी आणि खनिज मिश्रण मूठभर भरड्यात कालवा, मग ते सगळ्यात मिसळा. थेट टाकलं तर एकाच कोंबडीच्या वाट्याला जातं. फिरणाऱ्या गावठीला ५०-६० ग्रॅम, गिरिराजला १०० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या १२ कोंबड्यांना १० किलो साधारण ११-१२ दिवस पुरेल. झडीत गावठीचं माप ८० ग्रॅमपर्यंत न्या.

मासळीबद्दल नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे चूक इथेच होते. बिनमिठाचा, उन्हात वाळवलेला जवळा उत्तम. चाळून वाळू काढा. खारवलेला बांगडा किंवा मिठातली ढोमी देऊ नका. जास्त मिठाने कोंबड्या पाणी पीत सुटतात, विष्ठा पातळ होते, खुराडं ओलं राहतं. बाजारातून आणलेली मासळीची घाण द्यायची तर उकळून आणि त्याच दिवशी. एकूण खाद्याच्या ५ टक्क्यांपुढे मासळी नेली की अंड्याला वास येऊ लागतो, आणि गिऱ्हाईक तो लगेच ओळखतं. मिश्रणात मासळी नसेल तर ३० ग्रॅम मीठ घाला, असेल तर नको.

कोंडा कुठला आहे ते तपासा. मूठभर कोंडा भांडंभर पाण्यात टाकून ढवळा. वर तरंगेल ते बहुतेक तूस. जुन्या पद्धतीच्या गिरणीतल्या कोंड्यात ते इतकं असतं की कोंबडीचं पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. पॉलिशचा बारीक, हाताला किंचित तेलकट लागणारा कोंडा घ्या, पण आठवड्याचाच. तेलामुळे तो लवकर खवट होतो.

पावसाळ्यात बुरशी ही खरी शत्रू. शेंगदाणा पेंड आणि मका यांत ती पटकन धरते, तिचं विष यकृतावर जातं आणि अंडी घटतात. गोणी जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. गाठ झालेलं किंवा कुबट वासाचं खाद्य उन्हात वाळवून परत वापरू नका. वास गेला तरी विष जात नाही.

पिल्लं आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) हे मिश्रण देऊ नका. १८ आठवड्यांखाली इतकं कॅल्शियम मूत्रपिंडं बिघडवतं. पिल्लांवर डालगं घालून त्यांचं वेगळं खाद्य आत ठेवा. शेवग्याचा पाला आणि अझोला (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) चांगले, त्याने बलकाला रंगही येतो, पण ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्याला पेंडीची जागा देऊ नका.

बदल एकदम नको. आठवडाभरात जुनं कमी, नवं जास्त असं करत जा. कवच चार-आठ दिवसांत सुधारलेलं दिसेल. संख्या वाढायला दोन-तीन आठवडे लागतील, कारण बलक भरायलाच ७ ते १० दिवस जातात. अपेक्षाही बेताची ठेवा: गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६०-८० अंडीच देते, तेव्हा आठ गावठींकडून रोज दीड-दोन म्हणजे ठीकच. तीन आठवड्यांनंतरही पापुद्र्याची अंडी पडत राहिली, किंवा एखादी कोंबडी पाय पसरून बसू लागली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जाताना खाद्याचा नमुना सोबत न्या.