पिल्लाचे सलाईन आणि पॉलिसीचा हप्ता

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचक भगिनींचे पत्र 26 तारखेला रात्री नऊच्या सुमारास आले. पाचवीत शिकणाऱ्या मुलीसाठी त्यांनी आठवड्यापूर्वी लॅब्रडॉरचे पिल्लू आणले. वय जेमतेम चाळीस दिवस. विकणाऱ्याने ‘इंजेक्शन झालेले आहे’ असे सांगितले, पण लसीचे कार्ड दिले नाही. आदल्या रात्रीपासून पिल्लाला उलट्या होत होत्या, सकाळी रक्तमिश्रित, उग्र वासाची शी झाली आणि दुपारी ते पाण्याच्या वाटीत तोंड टेकवून तसेच बसून राहिले. डॉक्टरांनी पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराची शंका व्यक्त करून पाच दिवस सलाईन लागेल आणि 12 ते 14 हजार रुपये खर्च येईल, असे सांगितले. घरात मोकळे 5,000 रुपये होते. बचत खात्यात 48,000 होते, पण ते 28 तारखेच्या, यजमानांच्या आयुर्विम्याच्या हप्त्यासाठी राखलेले. ‘हप्ता चुकला तर सगळे पैसे बुडतील,’ अशी एजंटाची ताकीद होती. म्हणून त्यांचे प्रश्न दोन होते : एक तारखेला पगार होईपर्यंत घरगुती उपायांवर थांबावे काय, आणि आता पिल्लाचा विमा काढून हा खर्च मिळेल काय?

त्याच रात्री मी त्यांना एवढेच कळवले की हप्त्याच्या पैशांतून खर्च करा आणि आत्ता निघा. सविस्तर उत्तर आता देत आहे.

थांबण्याचा प्रश्नच नव्हता. पार्व्होचा विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा या दोन्हींवर घाला घालतो. त्यामुळे शरीरातले पाणी झपाट्याने जाते, पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. विषाणूला मारणारे नेहमीचे औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी औषधे आणि प्रतिजैविके देऊन पिल्लाला तगवून धरायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते, आणि ते वेळेवर झाले तर बहुतेक पिल्ले वाचतात. उपचाराविना बहुतेक दगावतात. चाळीस दिवसांच्या जिवाकडे साखरेचा साठा फारसा नसतो. काही तास उपाशी राहिले तरी रक्तातली साखर उतरते आणि अंग गार पडू लागते. शिवाय अशीच लक्षणे जंतांमुळे किंवा गिळलेल्या वस्तूमुळेही दिसतात, त्यामुळे घरी बसून निदान करता येत नाही. माणसांसाठीची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी तर चुकूनही देऊ नये. माझ्याकडच्या पहिल्या पिल्लाच्या वेळी मी ‘सकाळी बघू’ म्हणून एक रात्र थांबलो होतो. पहाटे त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या, आणि दवाखान्याचे दार उघडण्याआधीच ते माझ्या मांडीवर गेले. ती रात्र मी विसरलेलो नाही, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीचे शुल्क नाममात्र असते, हे ध्यानात ठेवावे. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु सांगलीहून तो तीन तासांचा रस्ता आहे, आणि एवढ्या लहान पिल्लाला आधी जवळच्या जवळ सलाईन लावणेच शहाणपणाचे.

पिल्लाच्या विम्याची आशा सोडून द्या. सुरू झालेल्या आजाराचा खर्च कोणताही विमा देत नाही, दोन महिन्यांखालील पिल्लू बहुधा विम्यात घेतच नाहीत, आणि लस न दिलेल्या जनावराच्या संसर्गजन्य आजाराचा दावा नाकारला जातो. घराला आग लागल्यावर विहीर खणण्यातलाच हा प्रकार आहे.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण माझ्या मते खरे दुखणे तिथे आहे. तुमचे यजमान 36 वर्षांचे, कुपवाडच्या कारखान्यात नोकरीला, पगार 52,000, घरखर्च 38,000. चौदा हजार दरमहा शिल्लक राहणाऱ्या घरात एका पिल्लाच्या औषधाला पैसे नसावेत, याचे कारण तुमची उधळपट्टी नाही. वर्षाला 48,000 रुपये ज्या पॉलिसीत जातात, ती आणि उरलेल्या पैशांची सोय न लावणे, ही दोन कारणे आहेत.

पहिली गोष्ट : एजंटाने तुम्हाला घाबरवले, ते निखालस चुकीचे आहे. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते आणि त्या काळात विमा चालू राहतो. तुम्ही तीन हप्ते भरलेले आहेत. चौथा भरलाच नाही तरी पॉलिसी शून्य होत नाही, ती पेड-अप होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम कमी होऊन मुदतीअखेर मिळते. पिल्लाच्या सलाईनआड ही भीती यावी, याचा मला मनापासून संताप येतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सोळा वर्षे 48,000 म्हणजे 7 लाख 68 हजार भरायचे आणि एकविसाव्या वर्षाअखेर घ्यायचे. एजंटाने कागदावर 22 लाख लिहून दिले आहेत. विमा रक्कम 8 लाख आणि अशा योजनांचे नेहमीचे बोनस धरले, तर हाती 16 लाखांच्या आसपास येतील. हा परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत बसतो. हेच पैसे पीपीएफमध्ये (सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) आजच्या 7.1 टक्क्यांनी ठेवले असते तर 20 लाख झाले असते. ‘कर वाचतो’ हेही तुम्हाला सांगितले गेले; परंतु सव्वासहा लाखांच्या वार्षिक पगारावर नव्या करप्रणालीत आज करच लागत नाही. मग वाचवायचे काय? आणि उद्या यजमानांचे काही बरेवाईट झाले, तर 8 लाखांत तुमचा घरखर्च पावणेदोन वर्षे चालेल. मुलगी तेव्हा सातवीत असेल.

याउलट एक कोटीचा निव्वळ मुदत विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा, साठाव्या वर्षापर्यंत, निर्व्यसनी माणसाला साधारण 13 ते 16 हजारांत मिळतो, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. पंधरा हजार त्यासाठी धरले तरी 33,000 उरतात. पगारातून महिन्याला आणखी पाच हजार बाजूला काढले, तर सव्वा वर्षात तीन महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे 1 लाख 14 हजारांच्या जवळपास, पैसे जमतील. ते बँकेत पंचवीस-पंचवीस हजारांच्या लहान ठेवींत ठेवा, म्हणजे गरज पडल्यास सगळी ठेव मोडावी लागत नाही. आपल्याकडे एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी असा पैसा पतसंस्थेत ठेवण्याची रीत आहे, परंतु बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना जे ठेव विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेला नाही. अडीअडचणीचा पैसा तिथे नको. कुटुंबाच्या आरोग्यविम्याचा पत्रात उल्लेखही नाही. कारखान्याकडून तो मिळतो का, आणि मुलगी त्यात आहे का, हे या आठवड्यातच विचारून घ्या.

परवा तुम्ही कळवलेत की तपासणीत पार्व्होच निघाला, पुढच्या पायाला चिकटपट्टीने बांधलेली सुई पिल्लू दोनदा चावून काढू पाहत होते, आणि चौथ्या दिवशी त्याने आपणहून वाटीतले पाणी चाटले. बिल 13,400 झाले. मला फार बरे वाटले. घरी आणल्यावर फरशी पाणी मिसळलेल्या ब्लीचने पुसा, कारण हा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो. आणि राहिलेल्या लसींच्या तारखा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस लागते.

हप्ता तूर्त भरू नका. सवलतीच्या मुदतीत विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा आणि आज सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून पैसे परत घेतल्यास, किती मिळतील व पेड-अप केल्यास मुदतीअखेर किती, हे दोन आकडे लेखी मागा. अर्जाची पोच घ्या. ते आकडे मला पाठवा, मग कोणता मार्ग धरायचा ते ठरवू. मात्र मुदत विम्याची पॉलिसी हातात पडेपर्यंत सरेंडरच्या कागदावर सही करू नका, आणि शाखेत जाताना एजंटाला बरोबर नेऊ नका.