सारं घर थोडं उंच करा

प्रश्न : माझी मंडळी ६४ वर्षांची. अंगणात शेवाळावरून घसरून उजव्या खुब्याचं हाड मोडलं. बेळगावात ऑपरेशन करून खुब्याचा गोळा बदलला, सातव्या दिवशी घरी सोडलं. घर जुनं, संडास खाली बसायचा, जेवण पाटावर. वॉकर आहे, पण उठताना ती माझा हात धरते आणि दोघंही डळमळतो. शेजारी म्हणतात, महिनाभर जागचं हलवू नका. घरात आम्ही दोघंच. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : शेजाऱ्यांची माया खरी, सल्ला मात्र धोक्याचा. पडून राहिलं की पोटरीत रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठतो, माकडहाडापाशी कातडी सोलवटते. डिस्चार्ज कार्डावर पायावर वजन टाकायची परवानगी असेल तर वहिनींना आजपासून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालवा. जागेपणी दर तासाला दोन्ही पावलं वीसेक वेळा वर-खाली करायला सांगा.

खरी भीती चालण्याची नाही, खाली बसण्याची आहे. खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडला किंवा पायावर पाय आला, तर नवा गोळा खोबणीतून निसटू शकतो. म्हणून मांडी, उकिडवं बसणं, वाकून चप्पल घालणं हे सगळं सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. आपल्याकडचं घर तर सगळं जमिनीलगतच. टेप घ्या, वहिनी उभ्या असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा. खाट, खुर्ची, संडास, सगळं त्याहून निदान २ इंच उंच हवं. कापसाची मऊ गादी दबते, म्हणून माप माणूस बसल्यावर घ्या. खुर्चीला हात हवेतच. कूस बदलताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा.

संडासावर ठेवायचा कमोड स्टूल सर्जिकल दुकानात मिळतो. पण जुन्या घरांत भांडं ओट्यावर असतं, मग स्टुलाचे चारही पाय समपातळीत टेकत नाहीत आणि बसताक्षणी तो कलंडतो. आधी ओट्याची लांबी-रुंदी मोजून न्या. बसत नसेल तर भांडं असलेली कमोड खुर्ची खाटेजवळच ठेवा, पावसात रात्री तीच बरी. स्टुलाची आणि वॉकरची रबरी बुचं रोज पुसा, शेवाळ धरलं की तीच घसरतात.

आता उठवणं. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, उजवा पाय पुढे, डावा मागे. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात रेटून डाव्या पायावर उठायचं. वॉकर पूर्ण उभं राहिल्यावरच धरायचा, आधी ओढला तर तो अंगावर येतो. तुम्ही उजवीकडे, थोडं मागे, कमरेला हात देऊन थांबा. काखेत हात घालून ओढू नका. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे वॉकरची मूठ हवी. क्रम असा : वॉकर, उजवा पाय, डावा पाय. पायरी चढताना डावा आधी, उतरताना उजवा.

टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी ठेवा, हळद-तेल नको. रक्त पातळ करणारी गोळी ठरल्या वेळी द्या, एक चुकली म्हणून दोन देऊ नका. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत २ तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळी चहासोबत नको.

एकच पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी-पू आला तर त्याच दिवशी दवाखाना. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८. पाय एकाएकी आखूड झाला, वळला, टेकवेना, तर गोळा निसटला समजा. तेव्हाही १०८. हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नका.

टाके काढायला जाल तेव्हा हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू करायचं का, हे नक्की विचारा. नुसत्या घसरण्यानं खुबा मोडला म्हणजे हाडं आधीच पोकळ झालेली असण्याचा संभव मोठा, आणि डाव्या बाजूचा खुबा अजून शाबूत आहे.