भूगोलाचा तास: काठीची सावली, अंजनेरीचा पुठ्ठा आणि कांद्याचा बाजार

माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या नाशिक परिसरातल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आठवीला ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ शिकवताना २३ सप्टेंबरला मैदानात एक मीटरची काठी रोवली. हिशेबाने नाशिकला मध्यान्हाची वेळ (सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो ती) १२:३५ यायला हवी. एका गटाची सर्वांत आखूड सावली १२:२० ला आली, दुसऱ्याची १२:३२ ला. मुलं विचारतात, चुकलं कुठे?
— एक शिक्षिका, पंचवटी

आधी हिशेब पाहू. नाशिकचं रेखांश सुमारे ७३°४७′ पूर्व आणि प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२°३०′ पूर्व. फरक ८°४३′. अंशाला ४ मिनिटं धरली की ३५ मिनिटं होतात, म्हणून १२:३५. हे उत्तर वर्षाच्या सरासरीचं आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून खरा सूर्य घड्याळाच्या कधी पुढे धावतो, कधी मागे राहतो. २३ सप्टेंबरला तो साडेसात मिनिटं पुढे असतो, त्यामुळे त्या दिवशी नाशिकची मध्यान्हाची वेळ १२:२७ च्या आसपास येते. २१ मार्चला ती १२:४२ असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१९, २२ डिसेंबरला १२:३३ आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९. आठवीच्या मुलांना यामागचं गणित सांगायची गरज नाही. पण फरक असतो हे जरूर सांगा, नाहीतर बरोबर निरीक्षण करणारा मुलगा स्वतःला चुकीचा समजतो.

दुसरी अडचण पद्धतीची आहे. ‘सर्वांत आखूड सावली’ शोधून वेळ काढताच येत नाही. मध्यान्हाच्या दहा मिनिटं अलीकडे किंवा पलीकडे एक मीटर काठीची सावली जेमतेम ३ मिलिमीटरने बदलते आणि सावलीच्या टोकाची पुसट कडच सेंटीमीटरभर रुंद असते. दोन गटांत बारा मिनिटांचा फरक पडला तो यामुळेच.

त्याऐवजी वर्तुळाची पद्धत वापरा. काठी ओळंब्याने सरळ करा आणि जमीन पाणपातळीने तपासा. काठीच्या बुंध्याभोवती दोरीने ४५, ५५ आणि ६५ सेंटिमीटर त्रिज्येची तीन वर्तुळं आखा. सावली आखूड होत जाताना तिचं टोक प्रत्येक वर्तुळाला केव्हा टेकतं आणि दुपारी परत केव्हा टेकतं, तिथे मुलांनी खूण करायची आणि वेळ लिहायची. दोन वेळांची सरासरी म्हणजे मध्यान्हाची वेळ. २३ सप्टेंबरला ६५ च्या वर्तुळावर साधारण १०:४० आणि २:१४ मिळेल, ४५ च्या वर्तुळावर ११:३१ आणि १:२३. सकाळच्या सत्राची शाळा असेल तर लहान वर्तुळच सोयीचं, पण दुपारच्या नोंदीसाठी दोन मुलांना थांबावंच लागेल. तीन वर्तुळं आखायचं कारण ढग: एखादी वेळ हुकली तरी दुसरी जोडी हाती राहते. एकाच वर्तुळावरच्या दोन खुणांचा मध्यबिंदू काठीच्या बुंध्याशी जोडला की खरी उत्तर दिशा मिळते.

आणखी एक काम त्याच दिवशी करून घ्या. विषुवदिनी (दिवस-रात्र समान असतात त्या, म्हणजे २३ सप्टेंबरच्या सुमारास) मध्यान्हाची सावली ३६.४ सेंटिमीटर भरली तर सूर्य डोक्यावरून २० अंश कललेला आहे, म्हणजे आपण २० अंश उत्तर अक्षवृत्तावर आहोत. हे अक्षवृत्त खरोखरच नाशिक शहरातून जातं. सावली मोजण्यात एका सेंटीमीटरची चूक झाली तर अक्षांश अर्ध्या अंशाने चुकतो, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. वर्गातल्या एका गटाची शाळा अशी थेट मालेगावच्या अक्षवृत्तावर जाऊन बसते! ही चूक खोडू नका, फळ्यावर लिहा. मोजमापातला सेंटीमीटर जमिनीवर किती मोठा असतो, हे त्यातून कळतं.

समोच्च रेषा (नकाशात समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) मुलं पाठ करतात, पण नकाशात दरी कुठली आणि डोंगराची सोंड कुठली हे ओळखता येत नाही. प्रतिकृती करायची तर कोणता डोंगर घ्यावा?
— भूगोल शिक्षक, सातपूर

अंजनेरी घ्या. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरून मुलांनी तो पाहिलेला असतो, माथा सुमारे १,३०० मीटर उंच आणि बराचसा सपाट आहे, बाजूंना उभे कडे आहेत. बेसॉल्टच्या थरांमुळे तयार झालेले पायऱ्या-पायऱ्यांचे उतार समोच्च रेषांमध्ये फार स्पष्ट उतरतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा लागेल. जुन्या क्रमांकांनुसार अंजनेरी ४७ ई/९ मध्ये येतो. (नाशिक शहर मात्र दोन नकाशांत विभागलं जातं, ४६ एच/१६ आणि ४७ ई/१३. कारण तेच, २० अंशाचं अक्षवृत्त.) या नकाशात समोच्च रेषांतलं अंतर २० मीटर असतं आणि दर पाचवी, म्हणजे १०० मीटरची रेषा जाड असते. प्रतिकृतीला फक्त जाड रेषा घ्या. सगळ्या रेषा कापायला बसलात तर काम अर्ध्यावर सुटतं.

पाच किलोमीटर बाय चार किलोमीटरचा तुकडा झेरॉक्सवर दुप्पट मोठा करा. प्रमाण १:२५,००० झालं आणि कागद २० बाय १६ सेंटिमीटर. खोक्याचा ५ मिलिमीटर जाड पुठ्ठा घ्या. ७०० मीटरपासून वर एकेका जाड रेषेला एक थर. कार्बन कागदाने प्रत्येक थरावर दोन रेषा उतरवायच्या: जिथे कापायचं ती, आणि तिच्या आतली वरच्या थराची. ही दुसरी रेषा विसरली की वरचा थर कुठे ठेवायचा ते कळत नाही आणि डोंगर एका बाजूला सरकतो. फेव्हिकॉल पातळ लावा आणि रात्रभर विटा ठेवा. जास्त लावला तर पुठ्ठा फुगून वाकतो. अशा प्रतिकृतीत उंची जमिनीवरच्या अंतराच्या तुलनेत सव्वापट दिसते. ते तिच्यावर लिहून ठेवा.

दरी आणि सोंड ओळखण्यासाठी ‘व्ही’चा नियम (‘व्ही’सारख्या वळलेल्या रेषेचं टोक कुठे आहे ते पाहण्याचा) लगेच सांगू नका. आधी मुलांना नकाशातले निळे ओढे पेन्सिलीने गडद करायला लावा. ओढा ज्या रेषा ओलांडतो, त्यांचं टोक चढाच्या बाजूला वळलेलं दिसतं. सोंडेवर ओढा नसतो आणि रेषांचं टोक उताराकडे असतं. दहा ओढे गडद केल्यावर नियम मुलंच सांगतात. नियम आधी दिला तर परीक्षेत हमखास उलटा लिहिला जातो, कारण मुलं रेषांचे आकडे न वाचता फक्त आकार आठवतात.

छेद (डोंगर उभा कापला तर बाजूने दिसणारी आकृती) काढताना मूळ नकाशावर कागदाची पट्टी ठेवून खुणा करा आणि आलेखावर उंचीसाठी १ सेंटिमीटर = १०० मीटर घ्या. उभं प्रमाण पाचपट वाढतं, डोंगर सुळक्यासारखा दिसतो. ‘उंची पाचपट’ ही टीप नसेल तर छेद अपुरा समजा.

नववीच्या ‘वितरणाचे नकाशे’ मध्ये जिल्ह्याची तालुकावार लोकसंख्या क्षेत्रघनी पद्धतीने (प्रत्येक तालुक्याला आकड्यानुसार फिकट-गडद छटा देऊन) रंगवून घेतली. निरीक्षकांनी चूक म्हटलं. का?
— शिक्षक, ओझर

निरीक्षकांचं बरोबर आहे. क्षेत्रघनी पद्धतीत रंग सगळ्या क्षेत्रावर पसरतो, म्हणून तिथे घनता, टक्केवारी किंवा दर हेक्टरी उत्पादन असा दर लागतो. एकूण संख्या रंगवली की मोठा तालुका केवळ मोठा असल्याने गडद होतो. पंधराही तालुक्यांची लोकसंख्या क्षेत्रफळाने भागून पुन्हा रंगवा. एकूण संख्याच दाखवायची असेल तर टिंब पद्धत (ठराविक संख्येला एक टिंब) वापरा.

बाटलीचं पर्जन्यमापक केलं. आमचे आकडे अधिकृत आकड्यांशी जुळत नाहीत.
— विद्यार्थिनी, इयत्ता नववी, नाशिक रोड

बाळ, थोडा फरक खराही असू शकतो, कारण पाऊस एका पेठेत पडतो आणि दुसरी कोरडी राहते. तरी चार गोष्टी तपास. नरसाळं त्याच बाटलीचं कापून उलटं बसवलेलं हवं. १२ सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं १० सेंटिमीटरच्या भांड्यावर ठेवलं तर आकडा जवळपास दीडपट येतो. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून खडे आणि पाणी घालून सपाट पातळी कर आणि पट्टीचा शून्य तिथे धर. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली ठेव. नोंद सकाळी ८:३० ला घे, हवामान विभागाचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो. शाळा भरल्यावर अकराला मोजलंस तर दोन दिवसांचा पाऊस एकमेकांत मिसळतो. रविवारची नोंद चुकवू नकोस.

शिक्षकांना एक विनंती. इगतपुरी आणि येवल्याच्या शाळांशी आकड्यांची देवाणघेवाण करा. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवल्यात पाचशे-सहाशेच्या आसपास, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. पर्जन्यछाया (डोंगराच्या आड येणारा कमी पावसाचा भाग) आपल्या जिल्ह्यात समजलेल्या मुलांना दहावीत ब्राझीलचा अवर्षण चतुष्कोन (तिथला कमी पावसाचा प्रदेश) वेगळा पाठ करावा लागत नाही.

दहावीच्या क्षेत्रभेटीचे अहवाल सगळे सारखेच येतात. धरण पाहिलं, फोटो काढले, झालं. काय बदलावं?
— मुख्याध्यापक, निफाड तालुका

जागेपेक्षा प्रश्नावली बदला. तुमच्या हाताशी लासलगावची कांदा बाजारपेठ आहे. सहा-सहा मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला पाचच प्रश्न द्या, तेही वेगळे. एका गटाने ट्रॅक्टर आणि पिकअप कुठल्या गावाहून आले ते विचारायचं आणि परतल्यावर नकाशावर बाणांनी दाखवायचं. दुसऱ्याने पोळ, रांगडा आणि उन्हाळ या तीन हंगामांतला कांदा केव्हा लावतात, केव्हा काढतात आणि कोणता साठवणीच्या चाळीत टिकतो, हे शेतकऱ्यांकडून समजून घ्यायचं. तिसऱ्याने माल पुढे कुठल्या राज्यात जातो ते व्यापाऱ्यांना विचारायचं.

बाजार समितीकडून लेखी परवानगी आधी घ्या आणि लिलाव बंद असण्याचे दिवस विचारून ठेवा. सकाळी लिलाव सुरू होण्याआधी पोहोचा, कारण लिलाव चालू झाला की कुणालाच बोलायला वेळ नसतो. रांगेत थांबलेले शेतकरीच सविस्तर उत्तरं देतात. नोंदी तिथल्या तिथे लिहून घ्या, आणि प्रत्येक गटाच्या अहवालात हाताने काढलेला एक नकाशा व एक तक्ता बंधनकारक करा.