क्रोटन : रंग नव्हे, गोचीड!

प्रश्न आहे, रंगीबेरंगी पानांच्या क्रोटनचं नाव ग्रीक 'क्रोमा', म्हणजे रंग, यावरून आलं का? शिवाय त्याच झाडाला शास्त्रीय भाषेत 'कोडियम' का म्हणतात?

क्रोमाचा इथे काडीचाही संबंध नाही. सुरुवातीला 'क्रो' दिसलं की सोयरीक जुळवायची, ही खोड जुनीच. पान रंगीत दिसलं की क्रोटन म्हणून मोकळं व्हायचं, ही दुसरी. कोलियसही क्रोटन, ड्रॅसिनाही क्रोटन!

ग्रीकमध्ये 'क्रोतोन' म्हणजे गोचीड. हो, गुरांना चिकटते तीच. एरंडाचं बी तळहातावर घेऊन बघा. फुगीर, चकचकीत, ठिपक्याठिपक्यांचं, टोकाला इवलंसं डोकं. रक्त पिऊन टरारलेली गोचीडच! पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज एरंडाला क्रोतोन म्हणतो आणि कारणही हेच देतो. आणखी गंमत म्हणजे लॅटिनमध्ये एरंड 'रिसिनस', आणि रिसिनस म्हणजेही गोचीड. (कंटाळू नका, हे एरंडाचं गुऱ्हाळ नाही.)

1753 मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश लिनियसने रिसिनस एरंडाकडे ठेवलं आणि क्रोटन हे नाव दुसऱ्याच प्रजातीला देऊन टाकलं. तिच्यात जमालगोटा आला, आणि आपलं बागेतलं झाडही. पुढे 1824 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युसिअने बागेतलं झाड 'कोडियम' या नावाने वेगळं काढलं. म्हणजे शास्त्राच्या हिशेबी खरा क्रोटन जमालगोटा. कुंडीतला नुसता नावाचा.

आता कोडियम. काही कोश ठणकावून सांगतात की ते ग्रीक 'कोदेइआ'वरून, म्हणजे डोकं; का, तर पानांचे मुकुट करत! मला हे साफ अमान्य. हे नाव आलं रुम्फियसकडून. हा वनस्पतींचा अभ्यासक इंडोनेशियातल्या मलुकू बेटांपैकी आंबोनवर राहिला, तिथेच आंधळा झाला, 1702 मध्ये वारला, आणि त्याचा वनस्पतिग्रंथ छापायला सुरुवात झाली ती 1741 मध्ये. मलुकूतल्याच तेर्नाते बेटावरच्या भाषेत या झाडाला 'कोडिहो' म्हणतात. झाड तिथलं, माणसं तिथली, आणि नाव मात्र अथेन्सहून मागवलं? ज्यांच्या कुंपणात ते वाढलं त्यांना त्याला हाक मारायला शब्दच नव्हता, असं या कोशकारांना म्हणायचंय का?

कोदेइआवरून खरोखर आलेला शब्द हवाच असेल तर 'कोडीन' हे वेदनाशामक औषध घ्या. कोदेइआ म्हणजे खसखशीचं बोंडही, आणि कोडीन मिळतं अफूतून. ग्रीकप्रेमींनी तेवढ्यावर समाधान मानावं.