मूठ छातीवर, तोंडात ‘गॅस’

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन तुला दोन महिने झाले आणि ‘पेशंट काही सांगतच नाहीत’ ही तुझी तक्रार. सांगतात गं, पुष्कळदा तोंड उघडायच्या आधीच.

छातीत कळ आलेला शेतकरी तुला म्हणेल, ‘गॅस झालाय, एक गोळी द्या.’ पेरणी खोळंबलेली असते, दवाखान्यात अडकून पडायचं नसतं. ‘कुठं दुखतंय?’ असं विचार आणि हाताकडे बघ. एका बोटाने ‘हितं’ म्हणून नेमकी जागा दाखवली, तर हृदयाची शक्यता जरा कमी. मूठ आवळून छातीच्या मध्यावर धरली, तर ताबडतोब उठ. सॅम्युअल लेव्हाइन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. मूठ दिसली नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नकोस. बायकांमध्ये, मधुमेह्यांमध्ये कधी नुसता घाम आणि धाप एवढंच असतं. शंका आली की ईसीजी काढायचाच.

पोटदुखीचंही बघ. मुतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी ठरत नाही. उठतो, बसतो, खाटेवर गडाबडा लोळतो. अपेंडिक्स फुटलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, कारण हललं की जीव जातो. त्याला विचार, ‘येताना गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा काय झालं?’ उत्तराआधीच चेहरा कळवळेल. ओरडणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष आपसूक जातं. गप्प पडलेल्याकडे तू जा.

आता माझी एक चूक सांगते, अजून सलते. नवखी होते. एका आजोबांना बीपीची गोळी सकाळी एकदाच घ्यायची, असं समजावलं. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांची मान हलत होती. चार दिवसांनी चक्कर येऊन पडले म्हणून घरच्यांनी आणलं. गोळी दिवसातून तीनदा चालू होती! त्यांना कमी ऐकू यायचं आणि डॉक्टरीणबाईंना परत विचारायचा संकोच. ती हलणारी मान माझा मान राखत होती, आणि मी ‘कळलं’ असं धरून चालले. तेव्हापासून मी पेशंटकडूनच वदवून घेते: ‘घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल, सांगा बघू.’

म्हणून खूण दिसली की लगेच निकाल लावू नकोस, आणखी एक प्रश्न विचार. सासू सगळी उत्तरं देते आणि सून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरते, असं रोज दिसेल. लाज असेल, धाक असेल, पदराखाली वळही असतील. ‘वजन करायचंय’ म्हणून तिला आत घे, सिस्टरला सोबत ठेव, सासूबाईंना बाहेर बसव. मग हळू आवाजात विचार.

संवादातला ९३ टक्के भाग देहबोलीचा, असं तुला प्रशिक्षणात सांगितलं म्हणतेस. तो आकडा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून आला. एकेक सुटा शब्द, त्याचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून बोलणाऱ्याची भावना ओळखण्यापुरतेच ते प्रयोग होते. सगळ्या बोलण्याला तो लावू नकोस. गोळी किती वाजता घ्यायची, हे शब्दांतच सांगावं लागतं.

आणि पेशंटही तुला वाचत असतो. केसपेपरात डोकं खुपसून ‘बोला’ म्हणालीस, तर तो आटोपतं घेतो. खरी तक्रार मग निघताना, चपला घालता घालता येते: ‘बाई, अजून एक होतं…’ तेव्हा बाहेर कितीही रांग असली तरी पेन खाली ठेव आणि त्याला परत बसव. माझ्या अनुभवात सगळ्यात महत्त्वाचं त्या एका वाक्यात असतं.

तुझ्याकडे पेशंटचं स्टूल टेबलापलीकडे आहे, असं लिहिलंस. ते उद्याच टेबलाच्या कडेला, तुझ्या हाताशी ओढून घे. आठवडाभराने काय फरक पडला ते कळव.

तुझी,
मॅडम